टिटवीच्या अंड्यांवर छत्री

सासरी पोचून चार तासही झाले नव्हते, तोच माझ्या डोळ्यांदेखत दीड चादर कुरडया गेल्या. डोळ्यांदेखत म्हणणंही तितकंसं खरं नाही. माझ्या डोळ्यांना त्या वेळी दुर्बीण लावलेली होती आणि दुर्बिणीचं तोंड भलतीकडे होतं.

माझं सासर मोताळ्यापासून दोन-अडीच कोसांवरच्या गावात. मे महिन्याचा तिसरा आठवडा म्हणजे तिथे गच्चीगच्चीवर कुरडया, पापड, शेवया वाळत पडलेल्या. शोभावहिनी म्हणजे माझ्या मेव्हण्याची, दिलीपची बायको. तिने माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली आणि डोकं चालवलं.

"भाऊजी, तुमी असेही पाखरंच पाहाले आले न? मंग गच्चीवर बसा. पाखरंही पाहून होतीन अन् कुरडयाही राखून होतीन."

मला ही कल्पना फार आवडली. डोक्यावर ओला पंचा टाकून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. समोर नाल्याकाठच्या बाभळीवर एक कोतवाल एका शिक्र्याच्या मागे लागला होता. मूठभर काळं पाखरू, शेपटी दुभंगलेली, आणि त्या शिकारी पक्ष्याला टोचून टोचून हाकलत होतं. असा तमाशा आमच्या चिंचवडच्या टेकडीवर वर्षात एकदा दिसला तर आम्ही पक्षी पाहणारे सात जण आठवडाभर त्यावर बोलतो. मी श्वास रोखून पाहत राहिलो. दुर्बीण खाली केली तेव्हा शेजारची शेळी जिना चढून वर आलेली होती आणि दुसऱ्या चादरीच्या मध्यावर पोचली होती. पहिल्या चादरीवर साळुंक्यांची पंगत बसली होती. माझ्याकडे पाहून त्या उडाल्यासुद्धा नाहीत.

वहिनी वर आली. तिने चादरी पाहिल्या, शेळी पाहिली, मला पाहिलं. तिच्या तोंडावर बरंच काही येऊन परत गेलं. मग ती म्हणाली, "असू द्या भाऊजी. मुक्या जनावराच्या मुखात गेल्या. पुन्य लागते."

रात्रीच्या जेवणाआधी मंगल, म्हणजे आमची सौ., मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुसऱ्या कोणी हे केलं असतं ना, तर वहिनीने झारा फेकून मारला असता. तुम्ही जावई आहात म्हणून वाचलात."

इथे जावयाच्या प्रकरणाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे सातारा-पुण्याच्या बाजूला जावयाचा मान धोंड्याच्या महिन्यात उफाळून येतो आणि महिना संपला की त्याला गिरणीत दळण टाकायला पाठवतात. इथे तसं नाही. इथे मी सव्वीस वर्षांपूर्वी जो पाटावर बसलो तो अजून उठलेलो नाही. माझ्या ताटाभोवती अजून रांगोळी निघते. मी पहिला घास घेतल्याशिवाय दिलीप जेवत नाही. आणि मी काहीही बोललो, अगदी चूक बोललो, तरी सगळे "हाव, हाव" म्हणतात. पहिली काही वर्षं मला वाटायचं, या लोकांना माझ्या बुद्धीची कदर आहे.

पक्षी पाहण्याचा नाद मला लागला तो डॉक्टरांमुळे. साखर वाढली, रोज चाला म्हणाले. नुसतं चालणं जमेना, म्हणून दुर्बीण घेतली. त्यामुळे झालं असं की चालायला जातो आणि तासभर एकाच झाडाखाली उभा राहतो. साखर आहे तिथेच आहे. पक्षी मात्र बरेच कळायला लागले, निदान मला तसं वाटत होतं.

नळगंगा

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दिलीपने मोटारसायकल काढली. नळगंगेचं धरण मे महिन्यात म्हणजे कढईच्या तळाशी राहिलेल्या रश्शासारखं. चहूबाजूंनी गाळ उघडा पडलेला, त्याला भेगा, आणि त्या गाळातच लोकांनी टरबुजाचे वेल लावलेले. पाणी मधोमध थोडंसं. पण पाणी आटलं की पाखरांची दाटी होते, हे सूत्र मला ठाऊक होतं.

आणि खरोखर दाटी होती. चित्रबलाक गुडघाभर पाण्यात चोच उघडी घालून उभे, जणू बाईने चाळणी धरलीय. शेकाट्या आपल्या लाल काड्यांवर तोल सांभाळत. वर नदीसुरय, पिवळ्याधमक चोचीचे, पाण्यावर झडप घालून परत वर. एक खंड्या विजेच्या तारेवर मासा आपटत होता, धोबी कपडे आपटतो तसा, दोन्ही बाजूंनी. मी वहीत भराभर लिहीत होतो आणि दिलीप बिचारा माझ्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"हा कोनता भाऊजी?"

"हा शेकाट्या."

"अच्छा, शेकाट्या. आमी याले लंबूटांग्या म्हनतो. पन तुमचं बरोबर असन."

चित्रबलाकांचा फोटो जवळून घ्यावा म्हणून मी गाळावरून पुढे सरकलो. वरून तो चांगला वाळलेला होता, पापडासारखा. चौथ्या पावलाला पापड मोडला आणि मी गुडघ्यापर्यंत आत. टरबूजवाल्या बाबांनी दोन फळ्या टाकून मला ओढून काढलं. डावी चप्पल धरणाला अर्पण झाली. बाबांनी हसू दाबत एक टरबूज फोडलं आणि उघड्यावर, हाताने, रस कोपरापर्यंत ओघळू देत आम्ही ते संपवलं. घरी मंगल टरबुजाच्या बिया काढून, चौकोनी तुकडे करून, काट्याने देते. मी तिला यातलं काही सांगितलं नाही.

येताना दिलीपने गाडी वावराकडे, म्हणजे शेताकडे वळवली. एका पायात चप्पल आणि एक पाय चिखलाने माखलेला, असा मी बांधावरून चाललो होतो, तेवढ्यात डोक्यावरून एक टिटवी ओरडत आली. टिटिव-टिव, टिटिव-टिव. पंखांचा वारा टाळूला लागला इतकी जवळून. मग दुसरी. टिटवी अशी अंगावर येते म्हणजे जवळपास अंडी आहेत, एवढं मी वाचलेलं होतं. मी जागच्या जागी थबकलो आणि पायाखालची जमीन वीतवीत पाहू लागलो.

 माझ्या चिखलाच्या पायापासून जेमतेम हातभर पुढे, उघड्या ढेकळांत, खळग्यासारख्या जागेत चार अंडी. मातीच्याच रंगाची, त्यांवर काळे शिंतोडे. निमुळती टोकं आत वळलेली, भोवती लहान खडे आणि शेळीच्या लेंड्यांचं कुंपण. घरटं म्हणावं तर काहीच नाही. दिसली म्हणून, नाहीतर मी त्यावरून गेलोच होतो.

आप्पा विहिरीवर होते. आप्पा म्हणजे मंगलचे काका. सासरे गेले त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून घरातलं वडीलमाणूस तेच. वय ऐंशीच्या घरात, पाठ अजून सरळ, बोलणं कमी. मी धावत जाऊन सांगितलं. ते आले, लांबूनच वाकून पाहिलं आणि खाली बसले.

"चार. चारही टोकं आत," ते म्हणाले. "अन् जागा उंचवट्याची हाये. चार महिने पानी पडन."

मी शहरी माणसाने विचारावं तसं विचारलं, "आप्पा, तुमचा खरंच विश्वास आहे यावर?"

ते जरा हसले. "इस्वास कायचा, जवाईबुवा? पान्याचं पाहाले मानूस अंड्याजवळ जाते, म्हनून त्याले अंडे दिसतात. दिसले म्हनून तथी नांगर जात नाही. एवढंच हाये ते."

मग त्यांनी बांधावरून चार ढोबळ दगड आणून हातहातभर अंतरावर चार बाजूंना ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या वावरात एक रीत हाये, माह्या बाच्या टाइमापासून. ज्याले पह्यल्यांदा दिसले, त्याच्या जिम्म्यात. पिल्लं चालाले लागेपर्यंत. परवा टॅक्टर येते, मी तं उंद्रीले लग्नाले जाऊन राह्यलो. तुमी पाहून घ्या."

"पाहतो आप्पा," मी म्हणालो.  सव्वीस वर्षांत या घराने माझ्यावर सोपवलेलं हे दुसरं काम. पहिलं शेळीने खाल्लं होतं.

ज्ञानगंगा

मधल्या दिवशी ज्ञानगंगा अभयारण्यात जायचं आधीच ठरलेलं होतं. पहाटे निघालो. डोंगराच्या कुशीतलं ते रान मे महिन्यात पार उघडं पडलेलं असतं. साग निष्पर्ण, पायाखाली पापडासारखी पानं, आणि मधूनच एखादा अंजन किंवा चिंच तेवढी हिरवी. पण जनावरं दिसायला हाच मोसम बरा, पाणी चार ठिकाणीच उरतं आणि सगळ्यांना तिथेच यावं लागतं.

जीपमध्ये पुढे वाटाड्या होता, मिशीवाला, गप्प. रोही दिसल्या, म्हणजे नीलगायी, एक काळपट नर आणि पाच माद्या. मोर दिसले. एका ओढ्यातल्या सावलीत स्वर्गीय नर्तक दिसला, पांढऱ्याशुभ्र शेपटीच्या दोन रिबिनी मागे ओढत कीटक पकडणारा, आणि मी इतका खूश झालो की दिलीपला त्याच्या स्थलांतराबद्दल सांगायला लागलो. मग त्याच्या घरट्याबद्दल. मग नर पांढरा का आणि मादी तांबूस का याबद्दल.

तेवढ्यात पुढच्या वळणावर झुडपात काहीतरी मोठं, काळं हललं आणि फांद्या मोडत नाल्यात उतरून गेलं.

वाटाड्या वळला. "साहेब, तुमी तोंड बंद ठेवलं असतं तं अस्वल दिसलं असतं."

मी ओशाळलो. पण दिलीपला ते सहन झालं नाही. "अरे, जवाई हायेत आमचे."

वाटाड्याचा चेहरा झटक्यात बदलला. "असं का! बोला न साहेब, बोला तुमी. अस्वलाचं काय, ते रोजचंच हाये."

पुढचा तासभर मी बोललो आणि तो मान डोलावत राहिला. एकही जनावर दिसलं नाही. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण घरी आंब्याचा रस, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाट पाहत होता. रसाबरोबर ठेचा ही जोडी आमच्या आईने पाहिली असती तर तिने डोळे मिटून घेतले असते. मी मात्र तीन वाट्या रस घेतला आणि साखरेसकट झोपलो.

वावर

ट्रॅक्टरच्या दिवशी आप्पा सकाळच्या एसटीने उंद्रीला गेले. मंगल वहिनीची पिशवी घेऊन मोताळ्याच्या बाजाराला गेली. मी, दिलीप आणि ट्रॅक्टरवाला गजू वावरात. गजू पंचविशीतला, डोक्याला गमछा. दिलीपने त्याला चार दगड दाखवले, त्याने मान हलवली आणि सरळ तासं पाडायला सुरुवात केली. इतकंच काम होतं. माझं काम म्हणजे काही न करणं. आणि तेच मला जमत नाही.

नऊ वाजले. ऊन असं की विहिरीच्या कठड्यावर हात टेकवेना. टिटवी अंड्यांवर उभी होती, बसलेली नाही, नुसती पाय फाकून उभी, चोच उघडी. मला तिची दया आली. अंड्यांची त्याहून आली. आणि माझ्याकडे छत्री होती, चांगली मोठी, लाकडी मुठीची, काळी. तिची मूठ मी अंड्यांच्या उगवतीकडच्या ढेकळात रोवली, दगडांनी पक्की केली आणि ती अंड्यांवर उघडून दिली. सुरेख गोल सावली पडली. टिटवी अर्थातच आधी उडाली होती. येईल म्हटलं, सावलीला कोण नाही म्हणतं.

"कसं काय?" मी दिलीपला विचारलं.

दिलीपने छत्रीकडे पाहिलं. "मस्त, भाऊजी."

गजूने ट्रॅक्टर थांबवून पाहिलं. "पुन्याच्या लोकाइचं डोकंच वेगळं."

वहिनी दहा वाजता ताक घेऊन आली. छत्रीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मग म्हणाली, "मायबाई! भाऊजीइले किती सुचते."

मी लिंबाखाली बाज टाकून, दुर्बीण घेऊन, वही उघडून बसलो. त्या वहीतल्या नोंदी मी इथे जशाच्या तशा देतो. त्या खोडण्याचा मोह मला बऱ्याचदा झाला आहे.

"९.४०. दोन्ही पक्षी छत्रीवरून घिरट्या घालत आहेत. उत्साह.
१०.१५. सतत ओरडत आहेत. बहुधा नव्या निवाऱ्याचा आनंद.
१०.५०. मादी जमिनीवर उतरली, छत्रीपासून पंधरा पावलांवर. कुतूहल.
११.२०. अजून उत्साह."

सावल्या सरकतात, ही गोष्ट मला शाळेत शिकवली होती. पंचावन्नाव्या वर्षी मी ती विसरलो होतो. अकरापर्यंत छत्रीची सावली अंड्यांवरून केव्हाच बाजूला गेली होती आणि अंडी उघड्या उन्हात होती. लिंबाखालून मला छत्री दिसत होती, तिच्याखालची जमीन दिसत नव्हती.

बाराच्या सुमारास मंगल बाजारातून थेट वावरात आली, डोक्यावर पदर, हातात कांद्याची पिशवी. बांधावर पाय ठेवला आणि ती थांबली. आकाशात दोन टिटव्या ओरडत होत्या. तिने वर पाहिलं, मग खाली. पिशवी तिथेच टाकून ती ढेकळांतून पळत सुटली. पंचवीस वर्षं पुण्यात शुद्ध बोलणारी माझी बायको ओरडली ती अशी:

"अवं, हे छत्री कोनं ठेवली तथी? अंडे उकडून राह्यले न!"

तिने छत्री उपटून फेकली. मी पोचलो तेव्हा ती वाकून अंड्यांवर हात धरून होती, न टेकवता. "हात लावून बघा जमिनीला," ती म्हणाली. मी लावला आणि झटकन उचलला.

"टिटवी सावली देते ना स्वतः," ती म्हणाली. "पोट भिजवून येते पाण्यात, आणि तशी उभी राहते. तिला तुम्ही येऊच दिलं नाही सकाळपासून."

मी दिलीपकडे पाहिलं. दिलीप विहिरीकडे पाहत होता. गजू गमछा सोडून पुन्हा बांधत होता.

"तुला माहीत होतं?" मी दिलीपला विचारलं.

"आता... म्हंजे..." दिलीप म्हणाला. "मले वाटलं सांगाव. पन जवाईले कसं सांगाव? तुमी येवढ्या हौसेनं केलं."

"तीन तास?"

"दोनदा आलो होतो लिंबापर्यंत. तुमी वहीत लिहून राह्यले होते."

मंगलने सगळ्यांना हाकललं. ट्रॅक्टर बंद. आम्ही चौघं विहिरीच्या भिंतीमागे उकिडवे बसलो. वहिनी ताकाचा गडू घेऊन मागून आली आणि काय झालं ते न विचारता तीही बसली.  टिटव्यांनी वरून आणखी चार फेऱ्या मारल्या. मला इतक्या वर्षांत कशाचीच इतकी वाट पाहिल्याचं आठवत नाही, मुलाच्या दहावीच्या निकालाचीही नाही. निकालात माझा हात नव्हता.

बऱ्याच वेळाने एक टिटवी विहिरीजवळच्या हौदापाशी उतरली. हौदाच्या गळक्या कोपऱ्याखाली पाणी साचून लहानसं डबकं झालं होतं. ती त्यात शिरली आणि पोटावर बसली. उठली, पुन्हा बसली. छातीखालची पिसं चिंब करून ती उडाली, अंड्यांपासून लांब उतरली आणि इकडेतिकडे बघत, थांबत, चालत चालत आली. अंड्यांपाशी थबकली. मी मंगलचा दंड धरला होता. टिटवी एकेक पाय टाकून आत शिरली, पिसं फुगवली आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवून हळूच खाली बसली.

वहिनी म्हणाली, "बसली व माय." मंगलने नाक पुसलं. मी दुर्बीण लावली नाही. तशीही ती धूसर झाली असती.

आप्पा

संध्याकाळी ऊन कलल्यावर आप्पा आले, रुमालात लग्नाची बुंदी बांधून. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलं, "कसे हायेत अंडे?"

दिलीप माझ्याआधी बोलला. "बरे हायेत आप्पा. थोडं वारं सुटलं होतं, म्हनून..."

"वारं सुटलं होतं खरं," वहिनी आतून म्हणाली.

मला त्या क्षणी समजलं की हे सगळे मिळून मला झाकताहेत आणि आप्पांना खोटं सांगताहेत. आप्पांनी ते काम मला दिलं होतं. मी म्हटलं, "वारं नव्हतं आप्पा. मी छत्री लावली होती. तीन तास टिटवी बसली नाही. मंगल आली म्हणून... नाहीतर मी अजून वहीत आनंद लिहीत बसलो असतो."

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.  मग ऐंशी वर्षांचा तो आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला.

"अकल हाये का बे तुले?"

 दिलीपच्या हातातला चहा सांडला. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तोंडाला पदर. सव्वीस वर्षांत या घरात मला कोणी 'तू' म्हटलं नव्हतं.

"टिटवी काय पुन्याची बाई हाये, छत्री घेऊन फिराले? तिले तिचं कळत नाही? हजार वर्सं तिनं उन्हात अंडे काढले, कोनाची छत्री होती तिले? काऊन रे, इचारता नाही आलं तुले कोनाले? मी तुयावर टाकून गेलो होतो न!"

"हो," मी म्हणालो.

"चूक झाली?"

"झाली."

"मंग बस. जेव. उद्या सकाळी हौदाचं पानी तिच्या बाजूनं काढ. रोज. पिल्लं निघत नाही तवर जायचं नाही घरी."

त्या रात्री माझ्या ताटाभोवती रांगोळी नव्हती. वहिनीने वाढलं आणि जाताना सहज म्हणाली, "भाऊजी, जेवन झालं की माठ तेवढा भरून ठेवा." मी माठ भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात फोन केला. रजा वाढवायची होती. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरात बाळंतपण आहे. कोणाचं, म्हणाले. सासरच्यांपैकी, असं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग पाच दिवस मी आप्पांचा गडी झालो. सकाळी फावड्याने हौदापासून एक बारीक चारी खणली, पाणी टिटवीच्या बाजूला एका खळग्यात साचेल अशी. दुपारी लिंबाखाली नुसता बसून राहिलो, वही घरी ठेवून. आप्पा मला फावडं कसं धरायचं ते शिकवत आणि चुकलं की सरळ बोलत. दिलीपही बोलायला लागला. त्याने मला सांगितलं की लंबूटांग्याच्या स्थलांतराबद्दल मी धरणावर जे बोललो ते बहुतेक चूक असावं, कारण तो त्यांना धरणावर बाराही महिने पाहतो. मी ते वहीत लिहून घेतलं.

टिटवी रोज दुपारी त्या खळग्यात येऊन पोट भिजवायची. दोनदा मी चारीवर काम करत असतानाच आली. ओरडली नाही.

सहाव्या दिवशी आप्पांनी हाक मारली. पहिलं पिल्लू बाहेर होतं, ढेकळाच्याच रंगाचं, उंच पायांचं, ओलं. दुपारपर्यंत तीन झाली. संध्याकाळी तिन्ही आईच्या मागे टुकूटुकू चालत धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे निघून गेली. त्यांच्या पायाला ढेकूळ लागलं की ती पडत आणि पुन्हा उठत. टिटवी मागे वळून बघायचीसुद्धा नाही, फक्त थांबायची.

चौथं अंडं तसंच राहिलं. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. मग आप्पांनी ते उचललं, कानाशी धरून हलवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते हलकं नव्हतं, हे मला अजून आठवतं.

"तीन महिने पानी," आप्पा म्हणाले.

"आणि चौथा?" मी विचारलं.

"चवथा महिना तूच उन्हात ठेवला. तो आता तूच मांगून आन." आणि ते हसले, पण थोडंच. मी ते अंडं धुऱ्यावरच्या बोरीखाली पुरलं. आप्पा बाजूला उभे राहिले.

निघताना वहिनीने नव्याने केलेल्या कुरडयांची पिशवी दिली. आप्पांनी पाया पडू दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि "फावडं चांगलं मारतं तू" म्हणाले. दिलीपने मोटारसायकलवरून मलकापूर स्टेशनवर सोडलं आणि वाटेत एकदाही 'जवाई' म्हणाला नाही.

गाडी सुटली. नळगंगेच्या बाजूचे डोंगर मागे पडले. मी मंगलला विचारलं, "आप्पा सगळ्यांसमोर मला 'बे' म्हणाले, तुला वाईट वाटलं का गं?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आप्पा आयुष्यभर दोघांनाच 'बे' म्हणत आलेत. घरच्या पोराला आणि वावरातल्या बैलाला. तुमचा नंबर कशात लागला, ते मी मुद्दामच विचारलं नाही."